दादांचे गुलाबी हात

आमच्या लॅबमध्ये हातमोज्यांचा खोका आहे. तो फोडते मी, वापरते मी आणि संपला की नवा मागवा म्हणून मागे लागते तीही मीच. मालक विजयसिंहदादा मोजे घालत नाहीत, कारण त्यांना पंचायत समितीला उभं राहायचंय.

"मोजे घालून माणसाला हात लावला तर त्याला काय वाटंल? पाटलाला आपला विटाळ होतोय! गेलं मत."

दसऱ्याच्या सुमारास शिरूर कासारातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. जाण्याआधी ज्यांचा खोकला हटत नाही ते आमच्याकडे थुंकी तपासायला येतात, क्षय आहे का बघायला. दादा प्रत्येकाची डबी स्वतः हातात घेतात, झाकण घट्ट आहे का चाचपतात, उजेडाला धरतात. "शाब्बास! चांगला बेडका काढलास गड्या," म्हणतात आणि त्याच हाताने त्याचा हात दाबतात. मग त्याच हाताने तंबाखू मळतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी नुसती मनातल्या मनात चरफडले असते. पण दुपारी सासूबाई माझ्या तान्ह्या विराजला अंगावर पाजायला माझ्याकडे घेऊन येतात आणि दादा त्याला बघितलं की धावतात. "वाघ हाय वाघ!" म्हणत गालाला चिमटा. परवा तर "दात आला का बघू" म्हणून बोट थेट त्याच्या तोंडात! मी हातातली काचपट्टी खाली ठेवेपर्यंत बोट बाहेरही आलं होतं. त्या रात्री विराज एकदा शिंकला. मी पहाटेपर्यंत त्याचं कपाळ चाचपत बसले.

सासूबाईंना सांगून पाहिलं. कडूबाई त्यांचं नाव, पण आम्ही आत्याबाई म्हणतो.

"आत्याबाई, दादांच्या हाताला जंतू असतात."

"मला न्हाई दिसले."

"ते दिसत नसतात."

"दिसत न्हाईत, मंग कावून भ्यायचं?" असं म्हणत त्यांनी विराजच्या गालावर तीट लावली.

"मग ही कशाला?"

"नजर लागती."

"ती दिसते का?"

"लई शिकलीस," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गालावरही एक लावली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की जंतू दिसायलाच पाहिजेत.

बर्फाच्या गोळेवाल्याकडून खायच्या गुलाबी रंगाची पूड आणली. एका कोऱ्या डबीत साबुदाण्याची पेज भरली, लाल झाकणावर ती पूड चोळली आणि मनानेच एका नावाची चिठ्ठी लावली, 'धोंडीराम'. कोरडी पूड लाल झाकणावर ओळखू येत नाही. ओल लागली की मात्र ती आपला गुण दाखवते. सकाळी ती डबी बाकीच्या डब्यांच्या पुढे ठेवून दिली.

वीज गेली, पंखे थांबले, दादांना घाम फुटला. देवच माझ्या बाजूने होता.

दादांनी धोंडीरामची डबी उचलली, चाचपली, उजेडाला धरली. "याचा बेडका लई घट्ट हाय बे राधाकिशन!" ते लॅबच्या शिपायाला म्हणाले. मग मुकादम रामप्रसादचा हात हातात घेतला. टोळीतल्या गड्यांच्या पाठीवर थापा मारल्या. चहाची किटली धरली, कपाळ पुसलं, तंबाखू मळून ओठाखाली दाबली. मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून खालमानेने हसत होते. मध्येच टेबलावरचा फोन वाजला. दादा बोलले आणि "घे, तुझ्याच रिपोर्टचं विचारतायत" म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी मोजे काढले, बोलले, पुन्हा मोजे घातले. इतकी काळजी कोण घेतं?

हळूहळू लॅबला रंग चढला. किटलीचा कान गुलाबी, दाराची कडी गुलाबी. रामप्रसादने मिशी कुरवाळली होती, तीही गुलाबी. बाहेर लिंबाखाली बसलेल्यांच्या पाठीवर पंजेच्या पंजे.

"दादा, गुलाल कुणी टाकला?" शिपाई राधाकिशनमामा ओरडले. "निकाल लागला काय?"

दादा आधी खुलले. "लोकांचं प्रेम हाय," म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. ओठ गोळा खाल्ल्यासारखे झाले होते, जीभसुद्धा.

"हे काय हाय?"

आता बोलणं भाग होतं. "दादा, हा धोंडीरामच्या डबीवरचा रंग आहे. मीच लावला होता, खायचाच आहे. पण तिथे थुंकी असती तर ती आज कुठे कुठे गेली असती, ते बघा."

दादांनी रामप्रसादची मिशी पाहिली. रामप्रसादने पचकन तंबाखू थुंकली.

"माझ्या लॅबात मलाच रंगवतीस?" दादा फुत्कारले. "उद्यापासून—"

उद्यापासून काय ते राहूनच गेलं, कारण दारात विराज दिसला. राग तसाच ठेवून दादांचे हात सवयीने पुढे झाले. "ये रे वाघा!"

आत्याबाई दारातच थबकल्या. त्यांनी कडी पाहिली, किटली पाहिली, दादांचं तोंड पाहिलं. "ह्ये काय गं तेजू?"

"जिथे जिथे गुलाबी, तिथे तिथे पेशंटची थुंकी, असं समजा."

त्यांनी विराजला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"थांबा पाटील. आदी हात धुवा."

"आत्या, दादा हायत ते!" राधाकिशनमामा कुजबुजले.

"दिसतंय मला. रंग बी दिसतोय. तोंड बी धुवा."

एवढ्या लोकांसमोर दादांना कोणी असं बोललं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आत्याबाईंकडे पाहिलं आणि ते नळावर गेले. त्यांच्यामागे रामप्रसाद, त्याच्यामागे सगळी टोळी.

मी मोजे टोपलीत टाकले, अॅप्रन काढला आणि ऐटीत हात पसरले. विराज भुकेने कळवळत माझ्याकडे झेपावला. आत्याबाईंनी त्याला मागे ओढलं.

"तुजा कान बग."

मी कानाला हात लावला. बोटं गुलाबी. फोन! दादांच्या हातातला फोन मी उघड्या हाताने घेतला होता आणि त्याच हाताने आत्ताच केसही सारखे केले होते.

"अहो, पण तो भुकेलाय!"

"मंग लवकर धू. रांगंत जा."

"आत्याबाई, हा खायचाच रंग आहे!"

"असंल. थुंकी समजा म्हनलीस ना? समजले मी."

रांगेतल्यांनी दात काढत मला पुढे जाऊ दिलं, अगदी दादांच्या पाठीपर्यंत. विराज लॅब डोक्यावर घेत होता. माझं दूध ओघळायला लागलं.

"दादा, जरा लवकर करा ना!"

दादांनी मान वळवून पाहिलं. ओठांवर गुलाबी हसू होतं.

"न्हाई गं तेजश्री," ते म्हणाले, "अजून नखातलं ऱ्हायलंय," आणि त्यांनी सावकाश पुन्हा साबण घेतला.