सव्विसावी मुलगी

निरोप समारंभ हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातला सर्वांत हृद्य प्रसंग असतो. शाळेबाहेर पडणाऱ्या प्रत्येक पावलासोबत शाळेच्या काळजाचा एक तुकडा निघून जातो. हे वाक्य आमचे मुख्याध्यापक बिसेन गुरुजी यांचं आहे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये ते वापरात येतं. यंदा सातवीत एकच मुलगी होती. त्यामुळे पावलं दोन आणि तुकडेही दोनच, असा बेताचा कार्यक्रम झाला.

आमची शाळा दवनीवाड्यापासून पाच किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांमधल्या एका टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर आहे. पहिली ते सातवी, शिक्षक दोन, पटावर सव्वीस. मुख्याध्यापक सोडले की उरलेला सगळा शिक्षकवृंद म्हणजे मी. समारंभाला व्यासपीठावर पाच माणसं होती आणि समोरच्या सजवलेल्या खुर्चीत दीप्ती. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष श्यामलालजी मागच्या वर्षीचंच भाषण घेऊन आले होते. ‘तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी कलेक्टर, कोणी सीमेवर जाऊन देशाचं रक्षण करेल,’ असं ते म्हणाले आणि हे सगळं त्या एकटीवर आलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

जाणाऱ्या वर्गाने शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. कार्यालयात अशी नऊ घड्याळं आहेत. त्यातली दोन चालतात आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही. दीप्तीने घड्याळ आणलं नव्हतं. मनोगताला ती उठली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली,

“मी कोठीच जाऊन नाही राहिली. जो जाते तो घड्याळ देते. म्हणून मी आणलं नाही.”

एवढं बोलून ती बसली. टाळ्या थांबेनात. शाळेवर इतकं प्रेम गुरुजींनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. सहावीची चार मुलं रडली, कारण सहावीने रडायचं असतं. मुलांना खिचडी रांधून घालणाऱ्या सुशिलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. फक्त त्यांच्या जोडीच्या नीलाबाई, म्हणजे दीप्तीची आजी, किचन शेडच्या दारात कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या आणि नातीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होत्या.

माझ्याकडे बघायला कारण होतं, ते त्यांना नीट कळलं मात्र नंतर.

जानेवारीत आमचं प्रशिक्षण झालं होतं. गणित परिसराशी जोडा, मुलांच्या रोजच्या जगण्यातली उदाहरणं द्या, असं तीन दिवस सांगितलं गेलं. परत आल्यावर मी फळ्यावर लिहिलं : एका शाळेत सव्वीस विद्यार्थी आहेत. पंचवीसपर्यंत विद्यार्थी असतील तर एक स्वयंपाकीण मिळते, सव्वीस झाले की दोन. वर्षाअखेर एक विद्यार्थी पुढच्या शाळेत गेला आणि नवा कोणी आला नाही, तर स्वयंपाकिणी किती उरतील? सहावी-सातवी एकत्र बसतात. सहावीच्या चौघांनी सव्वीसला दोनने भागलं. दीप्तीने उत्तर लिहिलं, एक. त्याच्याखाली लिहिलं, ‘कोणती?’

मी बरोबरची खूण केली आणि शेजारी शेरा दिला : ‘हे प्रश्नात विचारलेलं नाही.’

कोणती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सुशिलाबाई आधीच्या, नीलाबाई दोन वर्षांनी लागलेल्या. सुशिलाबाई श्यामलालजींच्या चुलत वहिनी लागतात, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. तसं समितीच्या ठरावात मुद्दाम लिहून ठेवलं आहे. नीलाबाई लागल्या तेव्हा पहिलं वर्षभर अकरा मुलांना अचानक घरचा डबा आवडू लागला होता. कारण कोणी बोललं नाही. नीलाबाई बौद्ध आहेत, हेही कोणी बोललं नाही. वरच्या अहवालात आम्ही ‘विद्यार्थ्यांची वैयक्तिक आवड’ असं कळवलं. पुढे डबे एकेक करून बंद झाले, तेही कोणी न बोलता. नीलाबाईंच्या वरणाची फोडणी वर्गापर्यंत यायची आणि साडेबारानंतर भाषा विषय शिकवणं अवघड व्हायचं. त्यांचं हे चौदावं वर्ष.

दीप्तीचे आईबाप नागपूरला बांधकामावर आहेत, धाकटा भाऊ त्यांच्याजवळ. घरात ठरलं होतं ते सरळ होतं. आजीचं काम आहे तोवर आजी आणि नात गावात राहतील आणि नात शिकेल. काम सुटलं तर दोघींनी नागपूरला यायचं; आजीने साइटवर रांधायचं, दीप्तीने भावाला सांभाळायचं, शाळेचं तिकडे बघू. ‘तिकडे बघू’ म्हणजे काय, हे आमच्या पटावरून असं गेलेल्या नऊ मुलांनी आधीच दाखवलं आहे. थोडक्यात, दीप्ती आठवीत गेली की आजीचं काम जाणार होतं, आणि आजीचं काम गेलं की दीप्तीची आठवी जाणार होती. हे गणित मी फळ्यावर लिहिलं नव्हतं. ते तिने घरी सोडवलं.

समारंभानंतर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात वार्षिक परीक्षा झाली. गणिताच्या पेपरवर दीप्तीने नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक वळणदार अक्षरात लिहिला आणि पुढची सगळी पानं कोरी दिली. विज्ञानाचंही तसंच. पहिल्या सत्रात हिला अ-एक श्रेणी होती. मी तिला व्हरांड्यात बोलावून विचारलं, येत नव्हतं का?

“येत होतं.”

“मग लिहिलं का नाही?”

“नापास व्हाचं आहे, सर. एक साल आणखी इथंच राहीन. सव्वीस होते.”

मी तिला समजावलं की बेटा, सातवीत कोणालाच नापास करता येत नाही. शासनाचा नियम आहे. कोरा दिला काय, भरलेला दिला काय, प्रगतिपत्रकावर ‘वर्गोन्नत’ असंच लिहावं लागतं. नापास लिहायचा रकानाच छापलेला नाही. शिक्षक मुलांची समजूत काढायला काहीही सांगतात, हे तिला सात वर्षांत कळलेलं होतं.

“तुमी खोटं बोलून राहिले,” ती म्हणाली. “नापास करतच नसान, तं पेपर कायले घेता?”

या प्रश्नाला शिक्षण विभागाकडेही उत्तर नाही. मी तिला पाणी पिऊन ये म्हटलं. मराठीचा पेपरही तिने कोराच दिला.

बिसेन गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोरगी ठेवता येत नाही, पण पोरगं आणता येते. गावात सहा वर्षं पूर्ण झालेलं एकच मूल होतं, मुन्नाची हर्षा. ती कॉन्व्हेंटच्या पिवळ्या व्हॅनमध्ये जाते. आम्ही दोघं संध्याकाळी मुन्नाच्या घरी गेलो. त्याने खुर्च्या दिल्या, चहा दिला. गुरुजींनी मातृभाषेतून शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. मी पोषण आहाराचं सांगितलं, आणि नीलाबाईंचंही. मुन्नाने सगळं शांतपणे ऐकलं.

“बाई चांगली आहे, मले का मालूम नाही? तिच्याच हातचं खाऊन माहा लहाना भाऊ सातवी झाला. पण सर, एक सांगा. तुमचा पोरगा कोठी शिकते?”

माझा मुलगा गोंदियात इंग्रजी माध्यमात आहे. प्रश्न विषयाला सोडून होता. आम्ही चहा संपवला.

एक मे रोजी झेंडावंदन झालं आणि निकाल वाटले. दीप्तीच्या प्रगतिपत्रकावर सगळ्या विषयांना ‘ड’ होता. तेवढाही वह्या आणि उपक्रमांचे गुण मी आधीच दिलेले होते म्हणून. खाली शेरा : वर्गोन्नत. गुरुजी म्हणाले होते, थोडं सांभाळून घ्या, पहिल्या सत्राच्या श्रेण्या टाका. मी टाकल्या नाहीत. पोरीने वर्षभरात विचार करून केलेलं ते एकच काम होतं. ते खोडायचा मला धीर झाला नाही. आता वाटतं, खोडलं असतं तर बरं झालं असतं. हायस्कूलवाले कागदच बघतात.

नीलाबाई चौथी शिकलेल्या आहेत. किचन शेडपाशी बसून त्या मोठा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, घासत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला आणि एकेक ओळ बोट लावून वाचली. मग दीप्तीला विचारलं नाही, मला विचारलं. मी जे झालं ते सांगितलं, फळ्यावरच्या उदाहरणापासून. दीप्ती भिंतीला टेकून उभी होती.

मला वाटलं, आता म्हातारी मला बोलेल. त्या दीप्तीकडे वळल्या.

“मी भात रांधून राहिली, तू शिकशीन म्हणून. अन् तू माह्या भातासाठी शिक्षण सोडून राहिली. आपल्यात आजी कोण अन् नात कोण, मलेच समजून नाही राहिलं.”

दीप्तीने भिंत सोडली आणि घासलेल्या थाळ्या रचायला घेतल्या.

“अव, चौदा साल लोकाईच्या पोराईले वाढलं. एकाले तरी म्हटलं का, तू जाऊ नको, माहं काम जाईन? जाचं असते पोराईनं. येते, खाते, जाते.”

“मले नागपूरले नाही जाचं,” दीप्ती म्हणाली.

नीलाबाईंनी प्रगतिपत्रकाची घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि पुन्हा गंज घासायला घेतला. तो घासून झालेला होता. सुशिलाबाई शेडच्या आत उभ्या होत्या. बाहेर येऊन त्या जोडीदारणीशेजारी बसल्या आणि दुसरीकडून त्याच गंजाला हात लावला. तांदळाची पोती पुढच्या वर्षी एकटीनं कशी उचलू, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. गंज मग बराच वेळ दोघींमध्ये फिरत राहिला.

मी आणि गुरुजींनी एक अर्ज केला. विशेष बाब म्हणून दुसरी स्वयंपाकीण वर्षभर चालू ठेवावी, असा. गुरुजींनी त्यात काळजाचा तुकडाही घातला होता. उत्तर आलं की पट सव्वीस असल्यास अर्जाची गरज नाही, आणि नसल्यास अर्जाचा उपयोग नाही. वाक्य चांगलं होतं. गुरुजींनी ते फाइलला लावलं.

मेच्या अखेरीस दीप्तीचा बाप येऊन दोघींना घेऊन गेला. दाखला न्यायला तो शाळेत आला होता. कोणत्या शाळेच्या नावाने द्यायचा, असं गुरुजींनी विचारलं, तर म्हणाला, अजून ठरलं नाही, रिकामीच ठेवा ती जागा. गुरुजींनी जागा रिकामी ठेवली. दीप्ती फाटकाबाहेर पिशवी धरून उभी होती. आत आली नाही. मी बाहेर गेलो आणि आठवीचं गणिताचं पुस्तक तिला दिलं. तिने ते पिशवीत ठेवलं. नीलाबाई म्हणाल्या, सर, येत जा कधी नागपूरकडे. पत्ता त्यांना सांगता आला नाही, कारण साइट बदलत असते.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या दिवशी आम्ही हजेरीपट केला, तेव्हा कळलं की गावातल्या चंद्रकुमारची दोन्ही मुलंही सुटीत बालाघाटला मामाकडे गेली आणि तिकडेच शाळेत बसली. पटावर तेवीस नावं होती. दीप्ती नापास होऊन राहिली असती आणि मुन्नाची हर्षाही आली असती, तरी पंचवीस झाले असते. पंचवीसला स्वयंपाकीण एकच मिळते.