झाकलेल्या वाट्या

वासंतीबाईंच्या सुनेचं, दीपमालाचं, डोहाळजेवण ऐन रंगात आलं होतं. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दीपमाला फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसली होती. पुढ्यात दोन पालथ्या वाट्या. एकीखाली पेढा, म्हणजे मुलगा. दुसरीखाली बर्फी, म्हणजे मुलगी. वासंतीबाईंनीच त्या झाकल्या होत्या.

दीपमालाने एका वाटीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"आई, पोट लाकडासारखं झालंय. सुटतच नाहीये."

"आठव्या महिन्यात ताठतंच," वासंतीबाई म्हणाल्या. "हिंजवडीला कॉम्प्युटर बडवताना बरं दुखत नाही! ओटी न भरता उठू नये. दहा मिनिटं थांब."

बायका हसल्या. रक्ताचा टिपूसही नव्हता, मग घाबरायचं कशाला? दहाची वीस मिनिटं झाली. ओटीत नारळ घालताना वासंतीबाईंची बोटं तिच्या पोटाला लागली. नारळ आणि पोट, दोन्ही सारखीच टणक. "गाडी काढा!" त्या ओरडल्या.

"मघाशी त्याने जोरात लाथ मारली," दीपमाला पुटपुटली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मग गप्पच बसला."

हॉस्पिटलमध्ये कळलं, गर्भपिशवीला चिकटलेली वार आतल्या आत सुटली होती आणि रक्त आतच साठलं होतं. बाळ गेलं होतं. आता दीपमालाचं रक्त गोठेना, वाहायचं थांबेना. ते गोठतंय का बघायला नर्स तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन मुठीत धरायची, मिनिटामिनिटाला नळी कलती करायची, आणि रक्त आपलं पाण्यासारखं वाहायचं. जन्मात कधी नवस न बोललेल्या वासंतीबाई त्या नळीला विनवत होत्या, "गोठ रे बाबा, गोठ." चौथ्या नळीत ते गोठलं. तोवर गर्भपिशवी काढावी लागली होती.

बाराव्या दिवशी दीपमाला घरी आली. झोपाळा सोडायची, वाट्या उचलायची कोणाची छाती झाली नव्हती. वासंतीबाईंनी सुनेने हात ठेवलेली वाटी उचलली. पेढा. इतक्या दिवसांत त्याला एक मुंगीही लागली नव्हती.

मागे झोपाळा कुरकुरला. दीपमाला जमिनीवर बसून दोरी ओढत होती.

"हळू, आई. दहा मिनिटं थांब म्हणाला होतात ना? थांबलाय तो. आत्ताच डोळा लागलाय."

वासंतीबाईंना रडू कोसळलं. चूक माझी गं, माझीच, असं म्हणत त्या तिच्याशेजारी बसल्या आणि तिच्या हातातली दोरी त्यांनी आपल्या हातात घेऊन ओढली.

रिकामा झोपाळा इतका जड लागत नाही.