लस म्हणू नको, पोरी

कुसाबाईचा नवरा भिमाजी पळाला तेव्हा घरातला रेडिओही घेऊन पळाला. बायको मागे ठेवली, रेडिओ नेला. बायकोची किंमत कळायला एवढं पुरे.

पळायला तसं कारण होतं. कोरोनाचं दुसरं वर्ष. पेठच्या डोंगरातला उंबरदरी पाडा, कोकणा आदिवासींची चाळीस घरं. होळी झाली आणि भिमाजीचा सख्खा भाऊ गोटीराम तापाने फणफणला. नाशिकला नेला तो तिथेच गेला. ना पाड्याला तोंड बघायला मिळालं, ना भावाला खांदा द्यायला. तेव्हापासून दवाखान्याची जीप दिसली की पाडा रिकामा. बाया जळणाला निघायच्या, पुरुष राखणीला. भर चैत्रात, शेतात काडी नसताना कसली राखण? भिमाजी आणि आणखी पाच म्हातारे तर वरच्या कड्याखाली खोप घालून राहिलेच. त्यांच्या भाकऱ्या शेजारचा भिकन वर पोचवायचा. कुसाबाईने मात्र पंधरा दिवसांत एक भाकरी पाठवली नाही. ज्याला खायची त्याने खाली यावं.

तोंडाने अशी, पण आत जीव टांगलेला. भिमाजीला दमा. अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा टेकणारा माणूस. हा ताप त्याला धरला तर नाशिकसुद्धा लांबच राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाड्यावरच्या आशाताईने तिला सांगितलं होतं, मावशी, एक सुई टोचून घेतली की जीव वाचतो. गुरुवारी ते सुईवाले आश्रमशाळेत येणार होते. मागे दोनदा येऊन औषधाची पेटी न उघडताच परत गेले होते. या वेळीही कोणी फिरकलं नाही तर पुढची पेटी दुसऱ्या पाड्याला, असं त्यांचा डॉक्टर आशाताईला बजावून गेला होता.

उंबरदरीत मोबाइलला रेंज नाही, पण बाजारगावातलं रेडिओ केंद्र स्वच्छ लागतं. डोंगरातल्या लोकांसाठीच काढलेलं केंद्र. सकाळी पावरी वाजवत म्हटलेली गाणी, मग माहिती. सोमवारी कुसाबाई भिकनच्या ओट्यावर भाकरी खात ऐकत होती. गाणं संपलं आणि एक पोरगी साखर पेरल्यासारखी बोलायला लागली. सर्वांनी लस टोचून घ्यावी, लस सुरक्षित आहे. भिकनने तोंड वाकडं करून रेडिओ बंद केला. जेवणाच्या वेळेला कसली घाण सांगते, म्हणाला.

कुसाबाईने घास खाली ठेवला. आशाताई जिला सुई म्हणते तिलाच ही पोरगी लस म्हणते, आणि पाडा कशाला पळतो, दोन्ही तिला एकदम कळलं.

जोखडाने बैलाचा खांदा सोलतो, त्यातून वाहते ती लस. फोड फुटला की गळते ती लस. माशा बसतात त्यावर. आणि ही पोरगी महिनाभर रोज सकाळी सगळ्या डोंगराला सांगत होती, की ती अंगात भरून घ्या. माणसं पळणार नाहीत तर काय नाचणार? बरं, कोणी कोणाला विचारलंही नव्हतं. जो तो समजत होता, सरकारच असलं किळसवाणं, तर आपण काय बोलायचं.

मंगळवारी उजाडताच ती निघाली आणि दोन तास चालून केंद्रावर पोचली. एवढीशी खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. कुसाबाईला वाटलं, इथे बहुतेक कोंबड्याच बोलतात. आत बसली होती ती हर्षाली, नाशिकच्या इंदिरानगरची. आवाजावरून वाटली होती त्याहून बारीक, डोळ्यांखाली काळं. आपलं कोणी ऐकतच नाही म्हणून तिचीही झोप उडाली होती.

कुसाबाईने तिला बैलाच्या खांद्याची सगळी गोष्ट सांगितली. माशांसकट. हर्षालीने आधी तोंडावर हात ठेवला, मग कपाळावर.

"आजी, पण मला वरून आलेल्या कागदात 'लस' असंच लिहिलंय. तो मी कसा बदलू?"

"कागदाला टोचायचं हाय का माणसांना?"

हर्षालीने कागद बाजूला सारला. मग उठली, स्वतःची खुर्ची कुसाबाईकडे सरकवली आणि म्हणाली, तुम्हीच बोला.

आता रुबाब दाखवणं वेगळं आणि त्या काळ्या दांडक्यासमोर बसणं वेगळं. कुसाबाईने पदर दोनदा सारखा केला. पण लाल दिवा लागला, आणि आपल्या घरचा रेडिओ कुठे आहे ते तिला आठवलं.

"उंबरदरीची कुसाबाई बोलते. ही पोरगी लस लस करते, तिच्यावर जाऊ नका, ती शहराची हाय. ही बैलाच्या खांद्यातली लस नाय. ही देवीसारखी टोचणी हाय. आपण लहान असताना देवी काढायला माणूस यायचा, आठवतो का? आई पाय धरून बसायची. हा बघा माझा दंड."

आणि तिने खरंच बाही वर केली. हर्षालीने हाताने खूण केली, आजी, ते कोणाला दिसत नाही.

"दिसत नाय म्हणते ही. मग आपापले दंड चाचपा. गोल खड्डा लागंल. ज्याला तो हाय, त्याला देवी आली का? तुमची आई शहाणी होती, म्हणून आज कड्याखाली बसून बिड्या ओढताय." तिने बाही खाली केली. आवाज खाली आला. "आणि माझ्या घरचा रेडिओ ज्यानं नेलाय त्यानं ऐकावं. भावाला खांदा देता आला नाय म्हणून रडलास. मला तसं रडायला लावू नको. गुरुवारी खाली ये."

तेच बोलणं हर्षालीने संध्याकाळी लावलं, बुधवारी तीनदा लावलं. भाकऱ्या घेऊन गेलेला भिकन सांगत आला, की सहाही म्हातारे खोपीत दंड चाचपत बसले होते. भिमाजीने तर अंगातला सदराच काढला होता.

गुरुवारी डॉक्टर आला तो तासाभरात निघायच्या बेतानेच. आश्रमशाळेच्या पटांगणात बघतो तर आंब्याच्या सावलीत माणूस मावेना. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही आलेले, आणि जो तो म्हणतो, देवी कुठे काढतात? पहिला दंड कुसाबाईने पुढे केला. मग ती दारातच उभी राहिली आणि घुसणाऱ्यांना नावानिशी मागे ढकलू लागली.

दुपारी कड्याखालचे सहा जण उतरले. भिमाजी सगळ्यांत मागे, धापा टाकत. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर लोकांना तिचे डोळे दिसले असते. तो टेबलापाशी पोचला आणि नर्सने सांगितलं, संपलं, पेटी रिकामी झाली. डॉक्टर म्हणाला, उरलेल्यांनी घरी जा, शनिवारी या.

"महिनाभर आमच्या मागं तुम्ही धावलात," कुसाबाई म्हणाली. "आता ही माणसं उठायची नायत. जीप पेठला धाडा."

डॉक्टरने सावलीतल्या माणसांकडे बघितलं. खरंच कोणी हलेना. त्याने जीप धाडली.

चार वाजता नवी पेटी आली. भिमाजीने दंड दिला आणि डोळे गच्च मिटून घेतले. कुसाबाईने शेजारून सांगितलं, उघड, झालं केव्हाच.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच. ह्याच्यापायी पंधरा दिवस माझ्या हातची भाकरी सोडलीस."

तो कापूस दाबत उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरून नर्सपाशी उभा राहिला. दुसरी कधी काढणार, त्याने विचारलं. तिने तारीख लिहून दिली. त्याने ती तिच्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि तिसऱ्यांदा कुसाबाईने वाचायला लावली.