खिडकी मिटली की सगळं पुसलं जायचं

कोन गावातल्या बचत गटाच्या बायका सुका जवळा, आगरी मसाला आणि भाकरीचं पीठ विकायच्या. गिऱ्हाइकं चांगली होती, पण सगळ्या ऑर्डरी गटप्रमुख राहीबाईंच्या फोनवर यायच्या आणि त्यांना जेवतानाही फोन उचलावा लागायचा. गटाची वेबसाइट करू या, असं गटातल्या गुणाबाईंच्या सुनेने, निशाने सुचवलं. लग्नाआधी ती ठाण्यात एका कंपनीत हेच काम करायची. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली ती सुटलीच. आता मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि आपल्याला अजून जमतं का, हे निशाला बघायचं होतं.

घरात कुणी नको म्हटलं नाही. नवरा भावेश कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर होता, त्याने जुना लॅपटॉप दुरुस्त करून आणला. सासूबाई, गुणाबाई, मात्र काहीच बोलल्या नाहीत. निशा लॅपटॉप उघडून बसली की त्या उठून अंगणात जायच्या. आईंना हे पटलेलं नाही, असं निशाने मनाशी धरून टाकलं.

वेबसाइट उभी राहिली. त्यात निशाचा सगळ्यात जास्त जीव होता तो लॉगिनच्या पॉप-अपमध्ये. मसाला बघता बघता त्याच पानावर एक छोटी खिडकी उघडायची, मागचं पान अंधुक व्हायचं. आधी नाव नोंदवलेल्यांनी तिथे लॉगिन करायचं. नवीन माणसाने खालच्या ओळीला हात लावला की तीच खिडकी नावनोंदणीची व्हायची. गटातल्या बायकांनीही तिथूनच नाव नोंदवायचं होतं, म्हणजे जिला तिला आपला माल स्वतः टाकता आला असता. लॅपटॉपवर हे फार सुरेख दिसायचं. निशा उगाचच ती खिडकी उघडून मिटून बघत बसायची.

देवळाच्या मंडपात बायका जमल्या, फोन बाहेर निघाले आणि घोटाळा झाला. नाव लिहायला घेतलं की फोनचा कीबोर्ड अर्धा पडदा व्यापायचा आणि खिडकीतलं ‘नोंदवा’चं बटण त्याच्याखाली जायचं. ते शोधताना बोट खिडकीच्या बाहेर टेकायचं, की खिडकी गायब. लिहिलेलंही सगळं जायचं. गटातल्या कमळने पुन्हा नाव लिहिलं, पुन्हा गेलं. आपल्यालाच फोन नीट वापरता येत नाही असं वाटून ती ओशाळली. शेवटी राहीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, की राहू दे, फोनवर चाललंय ते बरं चाललंय. टोमणा कुणीच मारला नाही, तेच निशाला जास्त लागलं.

घरी येऊन तिने लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. थोड्या वेळाने गुणाबाई आपला फोन घेऊन तिच्याजवळ येऊन बसल्या.

“माझं नाव राह्यलं ना गं,” त्या म्हणाल्या. “माझा जवळा पन टाकायचा हाय त्याच्यात.”

निशा बघतच राहिली. “मला वाटलं, तुम्हाला हे आवडत नाही. मी बसले की तुम्ही उठून जायचात.”

“तू कामाला बसायचीस म्हनून जायची. माझं तोंड गप ऱ्हात न्हाय. तुझं चुकलं तर?”

निशाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने लॅपटॉप परत काढला.

सासूबाईंना शिकवायच्या भरीला न पडता ती नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. फोन त्या दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या, त्यामुळे अंगठे कडेला टेकायचेच. पासवर्डपाशी येऊन त्या थबकल्या आणि तो उद्या आठवला नाही तर काय, असं विचारू लागल्या. यातलं काहीच निशाच्या मनात आलं नव्हतं; तिने सगळं मोठ्या पडद्यावर, माउसने तपासलं होतं.

मग ती कामाला लागली. खिडकी फोनच्या पडद्याएवढी केली आणि बटण कीबोर्डच्या वर आणलं. बाहेर हात लागला तरी आता खिडकी मिटत नव्हती, कोपऱ्यातल्या फुलीनेच मिटायची, आणि पुन्हा उघडली की लिहिलेलं तसंच असायचं. पासवर्ड काढून टाकला; फोनवर आलेला ओटीपी घातला की झालं. दर बदलानंतर गुणाबाई फोन हातात घ्यायच्या, अडायच्या आणि मोकळेपणाने कुरकुर करायच्या. शेवटी एका दुपारी त्यांच्या फोनवर अक्षरं उमटली: ‘गुणाबाई, तुमचं नाव नोंदवलं गेलं आहे.’ त्यांनी ती मोठ्याने वाचली.

पुढच्या बैठकीत निशाने आधी कमळजवळ जाऊन सांगितलं, की चूक तुझी नव्हती, माझ्या खिडकीची होती. कमळने जरा बिचकतच फोन पुढे घेतला आणि तिचं नाव पहिल्याच फटक्यात नोंदवलं गेलं. मग बाकीच्या स्वतःहून पुढे आल्या. राहीबाईंनीही पर्समधून फोन काढला.

डोंबिवलीच्या एका अनोळखी बाईने आपणहून नाव नोंदवून जवळा मागवला, तेव्हा निशा जवळच्याच वळ गावातल्या बचत गटाशी फोनवर बोलत होती. त्यांनाही अशीच वेबसाइट हवी होती. पुढच्या आठवड्यात येते म्हणून तिने सांगून टाकलं. गुणाबाई गच्चीवर वाळत घातलेल्या जवळ्याचा नवा फोटो काढत होत्या. फोटोत त्यांच्या पायाची बोटंही आली होती. निशाने ती कापू का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. माझाच हाय ना तो जवळा.”