नागाला फुटलेलं शिंग

"फुटलं, फुटलं! नागदेवाला शिंग फुटलं!"

रोमी अमलाखालच्या फ्रिगियातल्या एका गावी रोग बरे करणाऱ्या अस्क्लेपियस देवाच्या देवळापुढे नुसती झुंबड उडाली होती. जो तो गावचं काशाचं नाणं उन्हात तिरपं धरून बघत होता. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला देवाचा नाग. गेल्या वर्षी नागाचं डोकं गुळगुळीत होतं, आणि यंदा चक्क शिंग!

पुजारी झोसिमोस पायरीवरून गरजला, "शिंगाचं नाणं आंबलेल्या द्राक्षारसात दिवसभर बुडवा. हिरवं अमृत उतरेल! तापकऱ्याला पाजा. पाप्याला मात्र कडू लागेल हं!"

म्हणजे तक्रारीची सोयच नको.

त्रोफिमोसने कपाळाला हात लावला. गावच्या नाण्यांचे ठसे तोच कोरायचा. यंदाचा ठसा तडकला होता आणि दर घावाला तडा वाढत गेला. तड्यात धातू शिरला की नाण्यावर उंचवटा उठतो. कसलं शिंग नि कसलं काय!

ठसा आणि एक पेला घेऊन तो पायरीवर चढला. "ही बघा भेग! आणि काशातलं तांबं आंबटात कळकतं, हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईला सांगायला हवं? या पेल्यात जुनं नाणं आहे. सम्राट आणि द्राक्षांचा घड. नाग नाही, शिंग नाही. तरी रस हिरवा!"

गर्दी पेल्यावर वाकली.

"सम्राटही देवच की!" झोसिमोस ओरडला. "दुसरा चमत्कार!"

झालं! जयजयकाराने देऊळ दणाणलं. गावचे पाव भाजणाऱ्या भटारणीने तर त्रोफिमोसचे हातच डोळ्यांना लावले. "देवाने तुझ्याकडून करवून घेतलं रे बाबा!"

तो तडक घरी आला. सहा वर्षांची आम्मिया तीन दिवस तापाने फणफणली होती. आता ती हिरवं ओकत होती. बायको तातिया रिकामा पेला धरून बसलेली.

"तीनदा पाजलं," ती म्हणाली. "म्हटलं, बापाच्या हातचा नाग, लेकीला लाभेल."

त्रोफिमोसने तिच्या हातून पेला काढून घेतला. रागवायचं तरी कुणावर? उकळून निववलेलं पाणी तो चमच्याने पोरीला पाजत राहिला. तेही ठरेना.

दारात बायका जमल्या, कडेवर पोरं, मुठीत नाणी. "एवढ्या नाण्याला हात लावून द्या हो, भाऊ."

त्याने हात जोडले. "बायांनो, नाग मी कोरलाय. त्यात औषध घालणं मला येत नाही. देवाला खुशाल नमस्कार करा, पण पोराच्या तोंडाला काही लावण्याआधी जरा डोकं चालवा. या, माझी पोरगी बघा!"

भटारीण आत डोकावली. आम्मिया पुन्हा ओकली. भटारणीचा चेहरा उजळला.

"रोग बाहेर पडतोय हो! तातिया, आणखी एक पेला दे."