मंठ्याची लाल एम.जी.

निवृत्त झाल्यावर राजानंद सरांना एकच खूळ लागलं: जुनी विलायती स्पोर्ट्स कार घ्यायची. जन्मभर जालन्यात पोरांना इंजिन शिकवलं, पण स्वतः कधी स्कूटरच्या पुढं गेले नाहीत. पुण्याची ट्रायम्फ पाहिली, तर पत्रा सडलेला. हैदराबादची एम.जी. पाहिली, तर तिच्यात इंजिनच भलत्या गाडीचं. पाहून पाहून माणूस दमला, आणि मनासारखी गाडी सापडली ती मंठ्यात, दिवंगत पुंजाराम ठेकेदारांच्या शेडमध्ये.

दोन सीटची लाल एम.जी. सरांनी वाकून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकून पाहिली. एकदम टणक! किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. सरांना आनंद पोटात मावेना. पण शेजारी पुंजारामांच्या पत्नी कौसल्याबाई उभ्या होत्या, आणि घेणाऱ्यानं मालाला नावं ठेवायची असतात, हे सर लहानपणीच बैलबाजारात शिकले होते. तोंड वाकडं करून ते म्हणाले, "ताई, चासी खल्लास हाय. बिलकुल भंगार. भट्टीतच जायची ही."

"तुम्ही तर यातले मास्तर," कौसल्याबाई हळूच म्हणाल्या.

"आठ दिवसांनी सांगतो," म्हणत सर मोठ्या तोऱ्यात परतले. शहाणपण म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटत होतं. ते आठही दिवस त्यांनी घरासमोर गाडीसाठी जागा साफ करण्यात घालवले.

नवव्या दिवशी मंठ्याला गेले, तर शेड रिकामी.

"परवाच टेम्पोत घालून जालन्याला भंगारात धाडली. भट्टीत वितळली बी असंल," कौसल्याबाईंनी पाणी पुढं केलं. "बरं झालं, तुम्ही सांगितलं. भंगारच हाय म्हणल्यावर कशाला ठिवायची? तीस वर्षं हे तिला पुसत राह्यले. म्हणायचे, अशी गाडी मराठवाड्यात न्हाई. मी बी खरं धरून बसल्ते."

गाडी गेल्याचं दुःख सरांना झालंच, पण त्याहून लाज वाटली. एका हौशी, जाणत्या माणसाला तो मेल्यावर त्यांनी मूर्ख ठरवलं होतं, तेही त्याच्याच बायकोच्या मनात. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण गप्प राहणं त्यांना सोसवेना.

"ताई, गाडी एक नंबर होती. भाव पाडायला मी खोटं बोललो."

कौसल्याबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"मंग भाऊ, आता काय करू?" त्यांनी विचारलं. "गाडी गेली त्या दिवशी मी ह्यांच्या फोटोपुढं उभी राहून ह्यांना येडं म्हणले."