प्रितमनं न घेतलेलं प्रभुभोजन

आठ वर्षं कोर्टातल्या बाकांवर बसून माझ्या पाठीची पार वाट लागली आहे. भांडण कोणाचं? माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. कशावरनं? तर अंधेरीतल्या आमच्या एवढ्याशा मराठी चर्चचा कारभार बघणारं खरं पंचमंडळ कोणाचं, आणि बँकेत चेकवर सही कोणी करायची, यावरनं. प्रितम म्हणतो, किरणची निवडणूक खोटी. किरण भाऊजी म्हणतात, दादाच्या पंचमंडळाची मुदत कधीच संपली. शेवटी बँकेनं खातंच गोठवलं. तेव्हापासून हॉलचं येणारं भाडं कोर्टात जमा होतंय, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचा पगार आम्ही डबा फिरवून भागवतो आणि छत गळतं तिथं बादली ठेवतो. झकास चाललंय सगळं!

दोघं भाऊ दर रविवारी उपासनेला येतात. एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. एकमेकांना सलामसुद्धा नाही.

प्रितमनं केस टाकली, त्या दिवसापासून त्यानं एक गोष्ट मात्र पाळली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ताटलीतनं बाकाबाकावर फिरतात. ते त्यानं एकदाही घेतलं नाही. भावाशी भांडण असताना त्या ताटलीला हात लावायचा नाही, हे सासूबाईंनी दोघांना लहानपणीच शिकवलेलं. ताटली आली, की तो खाली बघून माझ्याकडे सरकवायचा. मी मात्र घ्यायचे.

"अरे, मग भांडणच मिटव ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"हिशेब चर्चच्या सगळ्या मंडळीचा आहे माधुरी, माझा नाही. मी कसा सोडू?"

आता बोला!

काही महिन्यांपूर्वी आमचे वकील देवेश घरी आले, ते नवीनच झेंगट घेऊन. चर्चच्या घटनेत म्हणे लिहिलंय, वर्षभर प्रभुभोजन न घेणारा माणूस सभासद राहत नाही. आणि जो सभासद नाही, त्याला केस चालवायचा हक्कच नाही. किरण भाऊजींच्या बाजूनं हे बरोबर हुडकून काढलं होतं.

"वहिनी, तुम्ही यांच्या शेजारी बसता," देवेश म्हणाले. "साक्षीत एवढंच सांगायचं, की हे घ्यायचे. संपला विषय."

मी प्रितमकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता. हो म्हणेना, नाही म्हणेना. असा राग आला मला! ज्यानं मनाला टोचतं म्हणून एवढी वर्षं ताटली पुढे सरकवली, तो आता माझ्या तोंडून खोटं वदवून घेणार? आणि खरं बोलले तर सगळी केस पाण्यात, तीही माझ्या हातानं.

साक्षीच्या दिवशी मी शपथ घेतली. समोरच्या वकीलबाईंनी विचारलं, "तुमचे पती प्रभुभोजन घेतात का?"

"नाही."

देवेशनी कपाळाला हात लावला.

"कधीपासून?"

"केस टाकली तेव्हापासून."

"म्हणजे त्यांना चर्चच्या विधींची पर्वा नाही?"

माझं डोकंच सटकलं. "पर्वा आहे म्हणूनच घेत नाही, बाई! भावाशी भांडताना ते घ्यायचं नसतं. दोघांना एकाच आईनं शिकवलंय. तुमचे अशील कसे घेतात, ते विचारा की त्यांना!"

न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. किरण भाऊजी मागे मान खाली घालून बसले होते.

निकाल लागला. प्रितम सभासद नाही, म्हणून केस फेटाळली. बाहेर येऊन त्यानं रिक्षा थांबवली. साकीनाक्याला रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा म्हणाला, "बरं केलंस." आणि रडायला लागला. मग मीही रडले. रिक्षावाला आरशातनं बघत राहिला.

पुढचा पहिला रविवार आला. छत गळतच होतं. ताटली फिरवायला खुद्द किरण भाऊजी उठले. उजवीकडचे बाक उरकून आमच्याकडे आले आणि प्रितमसमोर थांबले. ताटलीत पेले किणकिणत होते.

"घे दादा," ते हळूच म्हणाले.

"मी सभासद नाही ना रे."

"अपील करणार आहेस?"

"नाही. दमलो मी, किरण."

"मग आता भांडण कुठं राहिलं? घे."

"कोर्टातलं संपलं," प्रितम म्हणाला. "तू आईच्या मातीनंतर घरी पाऊल टाकलं नाहीस. आधी घरी ये. मग घेऊ, दोघं."

मागचे बाक ताटकळले. पाळकसाहेबांनी गाण्याचं तेच कडवं पुन्हा सुरू केलं. मग भाऊजींनी ताटली माझ्या हातात दिली आणि दादाच्या शेजारी येऊन बसले. दोघंही खाली बघत होते.

मी ताटली मागच्या बाकाकडे दिली. त्या दिवशी मीही घेतलं नाही. घरी जाऊन भाऊजींसाठी जास्तीचा भात टाकायचा होता.